वराह, पोर्क आणि डुक्कर

परवा आळ्याच्या घरी रात्रीच्या जेवणाला मी पोर्क चॉप्स केले. नातवाने ते पुण्याच्या कॅम्पातून बर्फात घालून आणले होते. चॉप म्हणजे बरगडीच्या हाडासकट कापलेला जाड तुकडा. कडेला चरबीची पांढरी किनार. सौभाग्यवतींनी पिशवीकडे एकदाच पाहिले आणि निकाल दिला, "माझ्या स्वयंपाकघरात नाही. परसात तीन दगड मांडा आणि काय घालायचा तो गोंधळ घाला."

ही विद्या मडगावची. बँकेने तिथे बदली केली तेव्हा घरमालकीणबाईंनी शिकवली. लाल सुक्या मिरच्या, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी आणि सढळ हाताने लसूण हे सारे माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटायचे, मीठ घालून तुकड्यांना चोळायचे आणि चार-पाच तास मुरू द्यायचे. पोर्तुगीजांचे 'विन्या द आल्यूश', म्हणजे वाइन आणि लसणात मुरवलेले मांस, गोव्यात 'विंदालू' झाले ते असेच. त्यातला 'आलू' म्हणजे लसूण. बटाट्याचा त्याच्याशी संबंध नाही. पण 'बटाटा' हा आपला शब्द मात्र पोर्तुगीजांकडूनच आला. मिरचीही त्यांच्याच जहाजांतून उतरली. आपल्या स्वयंपाकघराला तेव्हा विटाळ झाला नाही.

बटाटे आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठाराचे होते. ते सालीसकट अर्धे उकडून ठेवले. तवा तापल्यावर चॉप्स आधी चरबीच्या कडेवर उभे धरले. चरबी सुटली, तशा दोन्ही बाजू पाच-सहा मिनिटे भाजल्या. हे मांस कच्चे राहता कामा नये आणि जास्त शिजले तर चामडे होते. खाली उतरवून पाच मिनिटे झाकून ठेवले की रस आत मुरतो. तेवढ्यात उरलेल्या चरबीत बटाट्याच्या फोडी खरपूस परतल्या.

वास कुंपणाबाहेर गेला आणि मला माझे दहावे वर्ष आठवले. वर्गातला माझा जिवलग मित्र वडार वस्तीतला. त्याच्या आईने एकदा निखाऱ्यावरचा एक तुकडा माझ्याही हातावर ठेवला. मी खाल्ला, आवडला आणि घरी येऊन सांगून बसलो. आजीने विहिरीवर नेऊन डोक्यावरून घागरी ओतल्या. त्याचे काही वाटले नाही. पण दुसऱ्या दिवशी घरच्यांच्या सांगण्यावरून वर्गातली माझी जागा बदलली गेली. मित्राने काही विचारले नाही.

पुढे बँकेत एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जे वाटली. त्यात वराहपालनही असे. एका कर्जदाराने अंगठा उठवता उठवता विचारले, "साहेब, कागदावर वराह म्हणता, मग आम्हाला पाणी वरून का वाढता?" मी शिक्का मारला आणि पुढची फाइल ओढली. त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच परिपत्रकात नव्हते. जनावर एकच. अवतारात आणि कर्जाच्या कागदात तो वराह, मडगावच्या टेबलावर पोर्क, वस्तीवर डुक्कर. मांसाची चव बदलत नाही. खाणाऱ्याची किंमत बदलते.

आमचे आळे ओळखले जाते ते रेड्याच्या समाधीमुळे. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेल्या भावंडांची ती कथा. पैठणला ज्ञानोबांनी ज्याच्या मुखी वेद वदवले, तो रेडा इथे विसावला असे आम्ही मानतो आणि भक्तिभावाने हात जोडतो. रेड्याला मान दिला. शेजारच्या वस्तीतल्या माणसाला पंगतीत पाट देताना मात्र आमचे हात आखडले.

म्हणून त्या संध्याकाळी मित्राला निरोप धाडला. तो आला. ओसरीच्या पायरीवर टेकू लागला, तसा त्याला हाताला धरून आत नेले. एक घास खाऊन म्हणाला, "बरं झालंय. पण आई चिंच घालायची. तुझं हे आंबट परकं लागतं." पन्नास-पंचावन्न वर्षांत त्याने केलेली ही पहिली तक्रार.

सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. "मला नुसते बटाटे वाढा," त्या म्हणाल्या.

बटाटे कशात परतले होते, हे त्यांनी खिडकीतून पाहिले होते. मी निमूटपणे वाढले.