हँडब्रेक किती धरतो?

उतारावर उभ्या मोटारीला खाली खेचणारी ओढ उताराबरोबर वाढते. १० मीटरला १ मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर १००० किलोच्या गाडीला सुमारे १०० किलो वजनाइतकी ओढ सतत लागलेली असते. ५ मीटरला १ मीटर अशा खड्या उतारावर ती जवळपास दुप्पट होते. पाच माणसे आणि सामान धरून वजन १४०० किलोवर गेले, की हाच आकडा पावणेतीनशेच्या घरात जातो. याउलट, चाके फिरताना डांबरावर होणारा अडसर वजनाच्या एक ते दीड टक्काच असतो, म्हणजे १००० किलोच्या गाडीला १०-१५ किलो. त्यामुळे गाडी घरंगळायला घाट लागत नाही. १०० मीटरला दोन मीटरचा, डोळ्यांना सपाट भासणारा उतारही पुरतो.

उदाहरणार्थ नांदेड जिल्ह्यातला हदगाव तालुका घ्या; तो पैनगंगा आणि कयाधू या नद्यांच्या खोऱ्यातला. नांदेडहून उमरखेड, यवतमाळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग इथूनच जातो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार सपाट आणि उंचसखल मुलखातल्या रस्त्यांना ३० मीटरला १ मीटर एवढा चढ सर्रास चालतो. तेवढ्या उतारावर मोकळी सुटलेली गाडी पहिल्या दहा सेकंदांत सुमारे दहा मीटर सरकते आणि ताशी सातेक किलोमीटरचा वेग घेते. खड्या डोंगराळ भागात अपवाद म्हणून साडेबारा मीटरला १ मीटरपर्यंत सूट आहे. रेणुकादेवी आणि दत्तशिखराच्या दर्शनासाठी उमरखेड, महागाव, धनोडा या वाटेने माहूरला निघालेली हदगावची गाडी एकाच दिवसात दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवर उभी राहते. चालकाचा हात मात्र हँडब्रेक दोन्हीकडे सारखाच ओढतो, आणि घोटाळा तिथेच आहे.

हँडब्रेक म्हणजे दिव्याचे बटण नव्हे. जितका ओढावा तितकाच तो धरतो. नेहमीच्या रचनेत दांड्याची ओढ केबलमधून मागच्या दोन चाकांच्या ड्रमपर्यंत जाते, तिथे ब्रेक शू फाकतात आणि ड्रमला आतून दाबतात. दांड्याखालची दातेरी पट्टी ती ओढ टिकवून धरते. ‘टक टक’ आवाज येतो तो तिचाच. संयुक्त राष्ट्रांच्या प्रवासी मोटारींच्या ब्रेक नियमानुसार, पूर्ण भरलेली गाडी २० टक्के उतारावर, म्हणजे ५ मीटरला १ मीटर, एकट्या पार्किंग ब्रेकने थोपली पाहिजे. ही क्षमता मोजताना दांड्यावर ४०० न्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे ४० किलोची ओढ गृहीत धरलेली असते. बसस्टँडसमोर दोन ‘टक’ ओढून उतरणाऱ्या चालकाने त्यातला लहानसा भागच वापरलेला असतो.

यंत्रणाही झिजते. शूवरचे लायनर पातळ होतात आणि केबल थोडी ताणली जाते. सायकलच्या ब्रेकवायरीसारखीच ही केबलही आवरणात पाणी आणि चिखल शिरला की गंजून जड होते. काळ्या मातीच्या भागात पावसाळ्यानंतर हे हमखास तपासावे. दांडा पूर्वीपेक्षा बराच वर येऊ लागला, तर गॅरेज गाठावे. किती ‘टक’ला ब्रेक धरावा, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

मागे डिस्क ब्रेक असतील तर आणखी एक खोच आहे. लांब घाट उतरून गाडी थांबते तेव्हा डिस्क तापून किंचित जाड झालेली असते. त्याच अवस्थेत हँडब्रेक ओढला, की डिस्क निवताना आकसते आणि पकड ढिली पडते. चालक चहाला गेल्यावर, काही मिनिटांनी गाडी आपोआप निघाल्याच्या गोष्टी म्हणूनच सगळ्याच भाकड नसतात. ड्रममध्ये याच्या उलट घडते: निवताना ड्रम शूवर आवळतो. बटणाच्या इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकमध्ये अनेक कंपन्या काही वेळाने पकड पुन्हा आवळण्याची सोय ठेवतात.

ब्रेक ठणठणीत असला तरी टायर आणि जमीन यांची पकड हा प्रश्न उरतोच. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागची चाके धरतो. इंजिन पुढे असलेल्या छोट्या गाडीचा जेमतेम ४० टक्के भार मागे असतो आणि तोंड उताराकडे असेल तर तोही घटतो. डांबरावर एवढे पुरते. ओल्या चिखलात मात्र चाक न फिरताही गाडी घसरते.

म्हणून गिअर. इंजिन बंद करून तोंड चढाकडे असेल तर पहिला आणि उताराकडे असेल तर रिव्हर्स टाकावा. सिलिंडरमधली दाबलेली हवा चाकांना अडवते. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत यामुळे चारही चाके धरली जातात. पण ही हवा पिस्टनच्या रिंगांजवळून हळूहळू निसटते, त्यामुळे नुसत्या गिअरवर गाडी हिसके देत उतरू शकते. क्रमही महत्त्वाचा आहे: पायब्रेक दाबून गाडी न्यूट्रल करावी, हँडब्रेक ओढावा, पाय हलकेच सैल करून भार हँडब्रेकवर येऊ द्यावा, मग पुन्हा पाय ठेवून इंजिन बंद करावे आणि गिअर टाकावा. ऑटोमॅटिक गाडीत ‘पी’ही असाच शेवटी, नाहीतर सारा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिटीवर येतो. ‘पी’ नसलेल्या एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) गाड्या माहितीपुस्तिकेप्रमाणे गिअरमध्ये ठेवूनच बंद कराव्यात.

पुढची चाके कुठे वळवायची, हे कडेवर अवलंबून आहे. डावीकडे उंच फरशीची कड आणि तोंड चढाकडे असेल, तर चाके उजवीकडे वळवावीत. गाडी मागे सरकलीच, तर टायर कडेला टेकून थांबतो. कड नसेल किंवा तोंड उताराकडे असेल, तर चाके डावीकडे, म्हणजे गाडी रस्त्यावर न येता डोंगराच्या अंगाला जाईल. डावीकडे दरी असेल तर ती जागा गाडी लावण्याची नव्हेच. सॅन फ्रान्सिस्को शहरात ३ टक्क्यांहून अधिक उतारावर चाके अशी वळवणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२६ चालक जागेवर नसताना गाडी चुकूनही हलणार नाही अशी व्यवस्था करायला सांगते, चाके वळवण्याची सक्ती करत नाही.

राहिला दगड. तो उताराच्या बाजूने, मागच्या दोन्ही चाकांना अगदी चिकटवून लावावा. बोटभर फट राहिली तरी गाडी तेवढ्यात वेग घेते आणि लहान दगडावरून उडी मारते. गोट्यापेक्षा सपाट बुडाचा, कोनदार दगड किंवा लाकडी ठोकळा चांगला. निघताना पायब्रेक दाबून इंजिन सुरू करावे, गाडी तसूभर चढाकडे घेऊन ब्रेक दाबून धरावा आणि मगच दुसऱ्याने बाजूला उभे राहून दगड काढावा, उताराच्या अंगाला उभे राहून नव्हे. काढलेला दगड रस्त्याच्या कडेपार टाकावा. अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीला तो दिसत नाही.