जुनी गाडी, वऱ्हाड आणि घाटाची वाट

बैल लंगडायला लागला तर तुम्ही काय करता? आधी खूर उचलून पाहता. खडा रुतलाय का, काटा मोडलाय का, ते बघता. पण जुनी गाडी वाटेत अडली की हे शहाणपण आपण विसरतो आणि थेट इंजिन खोलायला बसतो. हा धडा आम्ही भर रस्त्यात शिकलो. तुमच्या दारात जुनी जीप, टेंपो किंवा व्हॅन असेल तर तो तुमच्याही उपयोगी पडेल, म्हणून ही हकिकत.

गोष्ट १९८६ सालच्या मे महिन्यातली. माझ्या चुलतबहिणीचे लग्न चिपळूणला होते, मुहूर्त गोरजाचा. आबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, आदल्याच वर्षी डिझेलवर चालणारी एक जुनी व्हॅन घेतली होती. गावात अशा कुठल्याही गाडीला मॅटाडोरच म्हणत. कराड, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, असा सुमारे १०० किलोमीटरचा रस्ता. सकाळी सात वाजता नवरीसह आम्ही बाराजण निघालो. "दुपारच्या पंगतीला मांडवात," आबा म्हणाले.

टाकीच्या झाकणाची करामत

पाटणच्या अलीकडे गाडीने दोन-तीन गचके दिले आणि ती बंद पडली. आबा म्हणाले, "हवा धरली." तुमच्या विहिरीवरचे डिझेल इंजिन हवा धरते तसेच हे. फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला, हातपंप दाबत राहिलो, फेस जाऊन सलग डिझेल येऊ लागले तसा स्क्रू आवळला. गाडी सुरू झाली. पण चार-पाच मैल गेलो नाही तोच पुन्हा बंद! पुन्हा हवा काढली, पुन्हा तीच तऱ्हा. तिसऱ्या वेळी आबांनी पाना घेतला आणि पंप खोलायचे ठरवले. नवरी गाडीत डोळ्यांना पदर लावून बसली होती.

शेजारच्या मळ्यात पाणी देणारा एक शेतकरी बांधावर येऊन उभा राहिला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "टाकीचं झाकण उघडून बघितलं का?" आबांनी झाकण फिरवले मात्र, फुस्स असा मोठा आवाज झाला.

झाकण सैल होते, डिझेल हिंदकळून बाहेर यायचे, म्हणून आम्हीच त्याखाली पॉलिथिनचा कागद बसवला होता. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल धड पडत नाही, दुसरे भोक पाडावे लागते. टाकीचेही तसेच आहे. डिझेल खाली जाते तेवढी हवा वरून आत यावी लागते, आणि त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असते. कागदाने ते बुजले होते. पंप ओढून ओढून थके आणि गाडी बंद पडे. आम्ही खटपट करीपर्यंत टाकीत कुठून तरी थोडी हवा शिरे, म्हणून ती पुन्हा चाले. कागद काढला, दुखणे संपले. त्या शेतकऱ्याच्या इंजिनाच्या टाकीचे छिद्र मागे मातीने बुजले होते, म्हणून त्याला ते सुचले.

गाडीचीही हळद

दुसरे दुखणे कोयनानगरच्या पुढे. रेडिएटरमधून पाण्याची बारीक चिळकांडी उडत होती आणि इंजिन तापले होते. धाकटा भाऊ झाकण उघडायला धावला, त्याला आबांनी दंडाला धरून मागे ओढले. हे मात्र लक्षात ठेवा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते, झाकण निघताच उकळते पाणी तोंडावर येते. इंजिन निवेपर्यंत थांबा. आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका, त्याने इंजिनाला तडा जाऊ शकतो.

गाडी निवल्यावर आम्ही कोयनेचे पाणी भरले. गळती बारीक होती. आबांनी जुन्या ड्रायव्हर लोकांचा उपाय केला. नवरीने रुखवतातली हळदीची पुडी काढून दिली आणि त्यातली दोन-तीन चमचे हळद रेडिएटरमध्ये घातली. पाण्याबरोबर फिरत ती छिद्रापाशी जाऊन बसते. थोड्या वेळाने चिळकांडी थांबली. "घ्या, गाडीचीही हळद झाली," आजी म्हणाली आणि नवरी सकाळपासून पहिल्यांदा हसली.

पण हा उपाय गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरताच. जास्त हळद घातली तर रेडिएटरच्या बारीक नळ्याच तुंबतात. नंतर तो धुऊन झाळून घ्यावा. हल्लीच्या कूलंट घातलेल्या गाड्यांत तर असले काही करूच नये.

घाटात उसनवारी नको

घाटाच्या माथ्यावर दुपारचे तीन वाजले. उशीर झाला होता, डिझेलही कमी होते. आबा म्हणाले, "आता उतारच आहे. इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये सोडतो."

आजी ताडकन उठली. "पोरीला बोहल्यावर न्यायचंय का दरीत? चार पैशांच्या डिझेलपायी बारा जीव टांगतोस होय रे? मी इथंच उतरते." आबा गप्प झाले. त्यांनी दुसरा गिअर टाकला आणि गाडी सावकाश खाली आणली.

आजीचे म्हणणे खरेच होते. गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागे धरून ठेवते. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबून ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक लागेनासे होतात. शिवाय पुष्कळ गाड्यांत ब्रेकला इंजिनाचे साहाय्य असते. इंजिन बंद केले की दोन-तीन दाबांत पायाखालचे पेडल दगडासारखे घट्ट होते. म्हणून नियम एकच: ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये उतरावा.

झाकण, हळद, दोरी असले उपाय गाडी चालण्यासाठी चालतील. गाडी थांबण्यासाठी नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर यांत तात्पुरते काही करू नका. त्यात शंका आली तर गाडी उभी करा आणि एस.टी.ने पुढे जा.

निघण्यापूर्वी एवढे करा

- पाणी, ऑइल, ब्रेकचे तेल आणि टायरची हवा आदल्या दिवशी पाहा, निघताना नव्हे.
- फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहा. चिरला असेल तर बदला, आणि एक जादा जवळ ठेवा.
- पाने, पक्कड, तार, फ्यूज, टॉर्च, पाण्याचा डबा आणि चांगली स्टेपनी बरोबर घ्या.
- बिघाड झाला की विचारा: शेवटचा हात कुठे लावला होता? निम्मी दुखणी तिथेच सापडतात.
- चाकाला लावलेले दगड निघताना बाजूला टाका. रात्री त्यावरून एखादा मोटारसायकलवाला पडतो.

आम्ही साडेपाचला मांडवात पोहोचलो. मुहूर्त टळला नाही. पंगत मात्र आम्हाला लग्नानंतरच मिळाली.