लूनाच्या गावचं एक दशक

ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहिरातकार पियूष पांडे गेले, तेव्हा लूनाच्या जाहिरातीची आठवण बहुतेकांनी काढली. लूना जिथे बनायची त्या नगरचं नाव मात्र मला कुठे वाचायला मिळालं नाही. (अहिल्यानगर हे नवं नाव अजून जिभेवर बसायचं आहे.) लूना पुण्याची, असंच पुणेकर समजतात. समजू देत.

१९७२ साली एच. के. फिरोदियांच्या कायनेटिकने पन्नास सीसीची लूना मोपेड काढली, किंमत दोन हजारांच्या घरात. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, त्या काळात मास्तर, तलाठी, दूधवाले लूनावर बसले आणि चढ आला की पायडल मारू लागले. ती वर्षं बरी गेली, एवढं पुरे. १९८४ मध्ये होंडाशी करार झाला. स्कूटर हवी की मोटरसायकल, असं होंडाने विचारलं आणि फिरोदियांनी स्कूटर निवडली, असं सांगतात. मोटरसायकल हिरोच्या मुंजालांकडे गेली. बटणावर सुरू होणारी बिनगिअरची कायनेटिक होंडा निघाली ती इंदूरजवळच्या पीथमपूरला. नगरकरांना ते लागलंच.

आठवावं असं दशक त्यानंतरचं. १९९८ ला होंडा बाहेर पडली. प्रदूषणाचे नियम कडक झाले, टू-स्ट्रोकची सद्दी संपली, गिऱ्हाईक फोर-स्ट्रोक मोटरसायकलकडे वळलं. मग कायनेटिकनेही मोटरसायकली काढल्या, कोरियाच्या ह्योसंगला आणलं, इटालजेटची डिझाइनं घेतली. मॉडेलांमागून मॉडेलं आली, एकही लूनाइतकं रुजलं नाही. २००८ मध्ये दुचाकीचा धंदा महिंद्राकडे गेला.

त्या दिवसांत मी नगरच्याच एका दुसऱ्या कारखान्यात प्लॅनिंगला होतो. कोणत्या, ते राहू द्या. तिथेही बदलाचं वारं शिरलं होतं. टाय लावलेले सल्लागार आले. हॉटेलच्या हॉलमध्ये गटागटाने बसवून 'पाच वर्षांनंतरची आपली कंपनी' असं चित्र काढायला लावलं. आमच्या गटातल्या टर्नरने लेथ काढला आणि लेथपाशी स्वतःला उभं केलं. टाळ्या पडल्या, जेवणात पनीर होतं. पंधरवड्यात टाइम ऑफिसच्या खिडकीत व्हीआरएसचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे, फॉर्म आले. लेथ भंगारात गेले, सीएनसी मशिनं लागली आणि ती चालवायला बाहेरून पोरं आणली. बोट फिरवून जॉब किती शतांशाने जास्त आहे ते सांगणाऱ्या त्या टर्नरला चार महिने शिकवावं, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. सल्लागारांचं बिल मात्र वेळेवर निघालं.

कायनेटिक इंजिनिअरिंग बुडाली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. गिअर, शाफ्ट असे सुटे भाग इतरांच्या गाड्यांना पुरवत ती टिकली. नव्या नव्या मॉडेलांना जमलं नाही ते या जुन्या कसबाने निभावलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेवरची ई-लूना आली आणि तिचा सांगाडा नगरलाच बनू लागला.

आमच्याकडच्या एमबीएच्या पोरांना चेंज मॅनेजमेंट विचारा, नोकिया आणि कोडॅक घडाघडा सांगतील. दौंड रस्त्यावरच्या कायनेटिकच्या कारखान्यावरून त्यांच्या बस रोज जातात. एखाद्या रविवारी त्यांनी व्हीआरएस घेतलेला एखादा फिटर गाठावा. तो सगळं सविस्तर सांगेल, फी घेणार नाही. चहा मात्र दोनदा पाजावा लागेल.