दोन वर्षे कॉलेजात, पुढील दोन विद्यापीठात

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कम्युनिटी कॉलेजात पहिली दोन वर्षे पूर्ण करून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. समाजशास्त्र व सामाजिक न्याय अभ्यास या विषयांतही ही सोय आहे. परदेशी विद्यार्थ्यास अनिवासी शुल्क भरावे लागते. तरीही हा मार्ग बहुधा कमी खर्चाचा ठरतो. मात्र नियोजन चुकल्यास ती बचत एखाद्या जादा सत्रातच संपते.

२०१० च्या कायद्याने ६० श्रेयांकांची 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर' अस्तित्वात आली. ती मिळविणाऱ्या पात्र विद्यार्थ्यास कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेशाची हमी असते. परंतु ती विशिष्ट संकुलाची नव्हे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची सहा संकुले अटींवर स्वतंत्र प्रवेशहमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस व सॅन डिएगो ती देत नाहीत.

म्हणून आराखडा शेवटाकडून आखावा. प्रथम विद्यापीठ व विभाग निवडावा. सामाजिक न्याय या नावाचा विभाग सर्वत्र नसतो. अनेक ठिकाणी हा अभ्यास वांशिक अभ्यास वा स्त्री-अभ्यास विभागात चालतो. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने सांख्यिकी व संशोधनपद्धती या विषयांची आवश्यकता आरंभीच तपासावी. कोणता विषय कोठे ग्राह्य धरला जातो, हे 'असिस्ट' या अधिकृत संकेतस्थळावर पाहता येते.

शैक्षणिक कर्जाची रक्कम ठरविताना चारही वर्षांचा असा आराखडा हाती असल्यास पालकांची पुढील ओढाताण टळते.