एमिली सायको होती का?

आमच्या विंगमध्ये कुणी जरा वेगळं वागलं की त्याला ‘सायको’ म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. विल्यम फॉकनरची ‘अ रोझ फॉर एमिली’ ही १९३० सालची कथा वाचली की एमिली ग्रिअरसनलाही हाच शिक्का मारावासा वाटतो. (शेवट आधी कळलेला ज्यांना चालत नाही, त्यांनी कथा वाचून मगच पुढे यावं. छोटीशीच आहे.)

जेफर्सन हे अमेरिकेच्या दक्षिणेतलं काल्पनिक गाव. एमिली ७४ व्या वर्षी वारते, गाव तिच्या घरात शिरतं. चाळीस वर्षं बंद असलेल्या खोलीत पलंगावर प्रियकराचा, होमर बॅरनचा सांगाडा. शेजारच्या उशीवर एक करडा केस. अंगावर काटाच येतो!

फॉकनर काळ मुद्दाम उलटसुलट करतो. मी सगळ्या घटना ग्राफ पेपरवर क्रमाने मांडल्या, तेव्हा कथेत लांब असलेल्या दोन गोष्टी जवळजवळ आल्या.

वडिलांनी तिला मागणी घालणारा प्रत्येक मुलगा पिटाळला. तिशी आली तरी ती घरातच. मग ते गेले, आणि सांत्वनाला आलेल्यांना ती म्हणाली, वडील वारलेलेच नाहीत. तब्बल तीन दिवस! लोक जबरदस्ती करणार, तेवढ्यात ती कोसळली आणि त्यांनी घाईघाईत दफन उरकलं. तेव्हा गावाला ती वेडी वाटली नाही. ज्याने सगळं हिरावलं त्यालाच ती धरून बसणार, हे त्यांना कळत होतं.

त्यानंतर होमर येतो. फूटपाथ बांधणाऱ्या टोळीचा मुकादम, लग्नात अडकणाऱ्यातला नव्हे. मागच्या वेळी प्रेत गावाने नेलं होतं. या वेळी तिने कुणाला कळूच दिलं नाही.

नात्यातल्या एका म्हातारीला वेड लागलं होतं, म्हणून रक्ताचा दोष म्हणणारेही भेटतील. मला ते पटत नाही. आणि गाव तरी काय करत होतं? औषधवाल्याने कारण न कळताच आर्सेनिक बांधून दिलं. घराला वास सुटला तर चार जणांनी रात्री गुपचूप चुना टाकला. विचारलं कुणीच नाही. ही कथा ‘आम्ही’ म्हणून सांगणारं गावच आहे, हे मला दुसऱ्या वाचनात टोचलं.

अंत्यविधीच्या वेळी तिच्या शवपेटीवर वडिलांचं खडूने काढलेलं चित्र आहे. कथेत ते एका ओळीत येऊन जातं.