किडनीच्या रुग्णाला केळी नेताना

सानगडी परिसरातील वस्त्यांमध्ये आम्ही आरोग्याच्या कामासाठी फिरतो. डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या उशाशी अनेकदा केळी आणि नारळपाणी दिसते. फळाने ताकद येईल, या मायेने पाहुणे ते आणतात. पण हीच फळे या रुग्णाच्या जिवावर बेतू शकतात.

फळांत पोटॅशियम नावाचा क्षार असतो. स्नायू आणि हृदय चालायला तो लागतोच. जास्तीचा क्षार निरोगी किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी निकामी झाली की तो रक्तात साठतो. रक्ताच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावे. ते ६ च्या वर गेले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हृदय अचानक बंदही पडू शकते. हातपाय गळणे, छातीत धडधडणे ही लक्षणे दिसली तर लगेच दवाखाना गाठा. मात्र अनेकदा काहीच जाणवत नाही, म्हणून वेळोवेळी रक्त तपासून घ्यावे.

१०० ग्रॅम केळ्यात सुमारे ३६० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. तेवढ्याच सफरचंदात किंवा अननसात ११० च्या आसपास. जांब (पेरू), सीताफळ, नारळपाणी आणि आपल्या तलावांतला शिंगाडा यांतही ते भरपूर असते. कमरख हे आंबट फळ तर किडनीच्या रुग्णाने अजिबात खाऊ नये. त्यातील विषारी घटक मेंदूवर परिणाम करतो. बाजारातल्या 'कमी सोडियम'च्या मिठातही बहुधा पोटॅशियमच घातलेले असते.

याचा अर्थ किडनीचा आजार झाला की सगळी फळे बंद, असा नाही. ज्यांच्या रक्तात पोटॅशियम ठीक आहे, त्यांना एवढे पथ्य लागेलच असे नाही. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा आणि कोणते फळ, किती खायचे ते विचारा. बटाटा, पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकळा व ते पाणी फेकून द्या. पोटॅशियम बरेच कमी होते.

डायलिसिसची पाळी चुकवू नका. २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी ही सेवा मोफत आहे. जिल्हा रुग्णालयात रेशनकार्ड घेऊन चौकशी करा.

१४ एप्रिलला आपली मंडळे दवाखान्यात फळवाटप करतात. चांगलीच गोष्ट आहे. फक्त केळे हातात देण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरला एवढे विचारा : यांना चालेल का?