वजन म्हणजे पृथ्वीची ओढ

घरातल्या शाळकरी मुलाला विचारा, "तुझे वजन किती?" तो सांगेल, "पस्तीस किलो." बाजारात हे उत्तर चालते. विज्ञानाच्या पेपरात मात्र त्याचे गुण जातात. मूल गोंधळते आणि आईवडील म्हणतात, आम्ही कुठे शिकलो, आम्हाला काय विचारतोस! पण वाचकहो, ज्याने जन्मभर ओझी उचलली त्याला हा धडा परका नाही. परके आहेत ते पुस्तकातले शब्द.

किलो हे वस्तुमानाचे माप आहे. वस्तूत द्रव्य किती आहे ते किलो सांगतो. पन्नास किलो ज्वारीचे पोते चंद्रावर नेले तरी ज्वारी तेवढीच राहील, भाकरीही तेवढ्याच होतील. वजन वेगळे. त्या पोत्याला पृथ्वी ज्या बलाने खाली ओढते ते त्याचे वजन, आणि बल मोजतात न्यूटनमध्ये. एका किलोला पृथ्वीची ओढ सुमारे ९.८ न्यूटन, म्हणजे पोत्याचे वजन ४९० न्यूटन. चंद्राची ओढ सुमारे एक षष्ठांश, म्हणून तिथे तेच पोते ८० न्यूटनच्या आसपास भरेल. गंमत अशी की दोन पारड्यांचा तराजू चंद्रावरही पन्नास किलोच दाखवील, कारण ज्वारीबरोबर मापेही हलकी होतील. फसेल तो स्प्रिंगचा काटा.

आता हे पोते जमिनीवर ठेवा. ते हलत नाही, म्हणून त्यावर बलच नाही असे बरीच मुले लिहितात. हे चूक. पृथ्वी त्याला खाली ओढतेच आहे. जमीन तेवढ्याच बलाने त्याला वर रेटते, म्हणून ते जागेवर आहे. हमालाने पोते पाठीवर घेतले की जमिनीचे हे काम त्याच्या शरीराला करावे लागते. जमीन दमत नाही. माणसाचे स्नायू नुसते उभे राहिले तरी आखडलेले राहतात आणि दमतात. पुस्तकात याला स्नायू बल म्हणतात.

दोन बहिणी एका बादलीची कडी धरून पाणी आणतात तेव्हा भार निम्मा निम्मा होतो, पण जवळजवळ चालल्या तरच. दूर दूर चालल्या की हात तिरपे होतात आणि प्रत्येकीच्या हातावरचा ताण वाढतो. दोन हातांमधला कोन १२० अंशांचा झाला तर प्रत्येकीला पूर्ण बादलीएवढे बल लावावे लागते. मग दोघी कशाला गेल्या?

हातगाडीचे गणित तर घरोघरी सांगावे असे आहे. सपाट रस्त्यावर मालाचे वजन चाकांमार्फत जमीन पेलते. ओढणाऱ्याला मुख्यतः घर्षण बलाशीच झगडावे लागते. म्हणून पाचशे किलोची गाडीही एक माणूस नेतो. (चाकाला वंगण नसेल, टायर बसलेला असेल, तर घर्षण वाढते, हे सांगायला विज्ञानाचे पुस्तक नको.) पण चढ आला की वजनाचा काही भाग गाडीला मागे ओढू लागतो. दहा फुटांच्या वाटेला एक फूट चढ असेल तर वजनाचा दहावा हिस्सा. पाचशे किलोच्या गाडीला तो ४९० न्यूटन होतो, घर्षण वेगळेच. म्हणजे चढभर पन्नास किलोचे पोते अंगावर घेतल्यासारखे! मालाच्या चिठ्ठीवर किलो असतात, चढ लिहिलेला नसतो.

ओझ्याला मर्यादा हवी हे जगानेही मान्य केले आहे. एका प्रौढ पुरुष कामगाराने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोहून जास्त असेल तिथे ती लवकरात लवकर तेवढ्यावर आणावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केली. पंचावन्न किलो म्हणजे ५३९ न्यूटन. क्विंटलच्या पोत्याचे ९८० होतात. माणूस चंद्रावर उतरला ते १९६९ साली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला.

मुलाला एवढेच करायला सांगा: किलोच्या आकड्याला ९.८ ने गुणायचे, पुढे न्यूटन लिहायचे आणि बाणाचे टोक खाली काढायचे. पस्तीस किलोच्या मुलाचे वजन ३४३ न्यूटन.